मुक्काम खालीवर: दशावतारातल्या एका पेटीवादकाचा जॅझ सोलो

या प्रकरणातले वादक कुडाळजवळच्या एका गावचे, वय पस्तिशीच्या आसपास. दशावतारी कंपनीत पायपेटी वाजवतात आणि गावच्या भजनातही पुढे तेच असतात, म्हणून लहानथोर सगळे त्यांना बुवा म्हणतात. इथेही मी तेच नाव ठेवते. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की वैशाखापर्यंत त्यांच्या रात्री कंपनीच्या. पावसाळ्यात कंपनी बंद असते आणि गणपतीतल्या भजनांपर्यंत हात मोकळे असतात. अशाच एका पावसाळ्यात ते माझ्याकडे पियानो शिकायला आले. खरं म्हणजे पियानो त्यांना नको होता. पेडण्याच्या एका गिटारवादकाने त्यांना जोडीने वाजवायला बोलावलं होतं, हॉटेलांच्या हंगामात, पेटी आणि गिटार अशा वेगळ्या जोडीसाठी. पहिल्याच तालमीत बुवा अडकले होते. गिटारवाल्याने 'ब्लू बोसा' ही जॅझची धून सुरू केली, बुवांनी ती दोनदा ऐकून उचलली, आणि सोलो, म्हणजे धुनेच्या चौकटीवर एकट्याने उत्स्फूर्त वाजवायची पाळी, आल्यावर आठ बारनंतर (बार म्हणजे इथे चार मात्रांचा तुकडा) सगळं विस्कटलं.

माझ्याकडे येऊन ते एवढंच म्हणाले, "ताई, मधीच माझो सा खंय गेलो?"

शिकवणाऱ्याने लिहून भिंतीवर लावावा असा हा प्रश्न आहे. कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा तीन-चार सुरांचा गट, बदलत असताना उत्स्फूर्त वाजवणं आपल्याकडच्या वादकाला का जड जातं, याचं निम्मं निदान त्यात आहे. उरलेलं निम्मं तालात सापडलं, आणि ते माझ्याही अपेक्षेबाहेरचं होतं. हे टिपण मुख्यतः त्यासाठी आहे.

बुवांकडे काय होतं

आधी हे सांगायला हवं, कारण अशा विद्यार्थ्याला 'अगदी सुरुवातीपासून' शिकवायला घेणं हा त्याच्यावर अन्याय असतो. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणतं हे ठरतं, कोण कुठला पार्ट करणार हे ठरतं, बाकी संवाद रंगमंचावर सुचतात. पदंसुद्धा नट आपल्या मर्जीने लांबवतो, तोडतो. पेटीवाल्याला रात्रभर नटाच्या तोंडाकडे बघून वाजवावं लागतं. त्यामुळे उत्स्फूर्तपणाची भीती बुवांना अजिबात नव्हती. पियानोच्या परीक्षा देऊन आलेली माझी मुलं सोलो म्हटलं की घाबरतात. बुवा घाबरत नव्हते, त्यांना फक्त वाट दिसत नव्हती.

दुसरं म्हणजे, पायपेटीमुळे त्यांचे दोन्ही हात मोकळे असतात. हातपेटीवर डावा हात भात्यात गुंततो, इथे भाता पायाने चालतो. डावा हात कॉर्डसाठी लावता येणं हा मोठाच फायदा.

आणि कान. फोनवर कुठलीही तान लावली तरी दुसऱ्या वेळेला ती त्यांच्या बोटांत असायची.

मग नेमकं काय नव्हतं? गोव्याच्या सीमेवरच्या तेरेखोल नदीच्या पलीकडे आणि अलीकडे संगीत शिकण्याची रीतच निराळी आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांमधून मुलांना स्टाफ नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. त्या शिक्षणातून आलेल्या गोवेकर वादकांनी मुंबईच्या हॉटेलांचे बँड आणि पुढे हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद उभे केले. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले अल्दोन्याचे ट्रम्पेटवादक अँटोनियो झेवियर वाझ, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सॅक्सोफोनवाले ब्राझ गोन्साल्विस हे सगळे त्याच मातीतले. पेडण्याचा हा गिटारवालाही त्याच वळणाचा. बदलती हार्मनी, म्हणजे कॉर्डची चाल, तो लहानपणापासून ऐकत आला आहे. नदीच्या अलीकडे, आपल्याकडे, भजन, आरती, नाट्यपद, दशावतार या सगळ्यांत एक सा लागतो आणि पद संपेपर्यंत तो हलत नाही. प्रत्येक सुराला अर्थ मिळतो तो त्या एका सा मुळे. बुवांचा कान इतका पक्का होता, कारण तो एकाच खुंटीला बांधलेला होता.

पहिलं ध्वनिमुद्रण

मी त्यांना फोनवरच्या बॅकिंग ट्रॅकसोबत (सोबतीच्या कॉर्ड वाजवत राहणारं तयार ध्वनिमुद्रण) वाजवायला सांगितलं आणि ते ध्वनिमुद्रित करून ठेवलं. त्याआधी एक चाचणी घेतली. १९५९ सालच्या 'काइंड ऑफ ब्लू' या माइल्स डेव्हिसच्या अल्बममधल्या पहिल्या धुनेची चौकट त्यांच्यापुढे ठेवली. सोळा बार पांढरी दोनवरचा काफी, म्हणजे पेटीची दुसरी पांढरी पट्टी सा धरून, मग आठ बार तोच काफी काळी दोनवर, मग आठ बार परत पांढरी दोन. (जॅझवाले त्या स्वरमालेला डोरियन म्हणतात, सूर काफी थाटाचेच.) बुवांनी ते पहिल्या फेरीतच सुंदर वाजवलं. काळी दोनवर जाताना किंचित अडखळले, दुसऱ्या फेरीत तेही गेलं. म्हणजे सा हलला की ते हरवतात असं नव्हतं. आठ बारांची उसंत मिळाली तर ते नव्या सा वर आरामात बसत होते.

मग 'ब्लू बोसा'. ही धून ट्रम्पेटवादक केनी डॉरम यांची. सॅक्सोफोनवादक जो हेंडरसन यांच्या १९६३ सालच्या 'पेज वन' या पहिल्या अल्बममध्ये ती आहे, आणि डॉरम स्वतः त्यात वाजवतात. सोळा बार, चार-चार मात्रांचे. सा पांढरी एक, म्हणजे सी. पहिले दोन बार सी मायनर (कॉर्डच्या नावात आधी तिचा मूळ सूर, मग तिचा प्रकार), पुढचे दोन एफ मायनर. पाचव्या बारला डी हाफ-डिमिनिश्ड, सहाव्याला जी सेव्हन, सातव्या-आठव्याला परत सी मायनर. नवव्याला ई फ्लॅट मायनर, दहाव्याला ए फ्लॅट सेव्हन, अकरा-बाराला डी फ्लॅट मेजर. मग तेरा-चौदाला पुन्हा डी हाफ-डिमिनिश्ड आणि जी सेव्हन, आणि शेवटच्या दोन बारांत घरी, सी मायनर.

ध्वनिमुद्रणात पहिले चार बार उत्तम होते. आसावरी अंगाने वाजवत होते, आणि एफ मायनरचे चारही सूर त्याच सप्तकातले असल्याने काही खटकत नव्हतं. सहाव्या बारला पहिली ठेच. जी सेव्हनमध्ये शुद्ध निषाद आहे, बुवा कोमल नि वर ठाम. एकाच क्षणी दोन निषाद. नवव्या बारला तर ते पूर्णपणे बाहेर पडले. पंचमावर न्यास घेऊन थांबले, आणि त्याच क्षणी ट्रॅकवरच्या कॉर्डमध्ये तीव्र मध्यम. त्यांना चूक ऐकू येत होती हे महत्त्वाचं. पुढच्या दोन बारांत त्यांनी बोटं उचलली आणि सी मायनर परत येईपर्यंत गप्प बसले.

यावर इंटरनेटवर मिळणारा ठरावीक उपाय त्यांनी आधीच करून पाहिला होता. प्रत्येक कॉर्डसाठी एक स्केल, असा तक्ता त्यांनी वहीत उतरवला होता. सी मायनरवर हे, हाफ-डिमिनिश्डवर ते, जी सेव्हनवर तिसरं. तक्त्यात चूक काही नव्हती, पण मध्यलयीतसुद्धा एक बार डोळ्याचं पातं लवेपर्यंत सरतो. तेवढ्यात नवी स्वरमाला आठवायची, ती बोटांत आणायची आणि वर तिच्यातून काही बोलायचं, हे होणं अवघडच. एखाद्याला ते जमलं तरी ऐकणाऱ्याच्या कानावर पडतात ते स्वरमालेचे तुकडे.

दुसरा उपाय आपल्याकडचे हौशी लोक सुचवतात: प्रत्येक कॉर्डला एक राग लावा. हा मला त्याहून जास्त खटकतो. रागाला चलन असतं, वादी-संवादी असतो, त्याचं वक्तव्य असतं. चार मात्रांत राग मांडून चार मात्रांत मोडायचा, यात रागही जातो आणि जॅझही. पहिल्या आठ बारांपुरतं म्हणायचं तर आसावरीच्या सप्तकात शुद्ध नि घेतला की कीरवाणीचे सूर मिळतात, एवढी ओळख उपयोगी आहे. नवव्या बारला ही ओळखही संपते. डी फ्लॅट मेजरचे सूर पांढरी एक सा धरून म्हणून बघा: सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध म, तीव्र म, कोमल ध, कोमल नि. पंचम नाहीच. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी एकही पंचमाशिवाय नाही, म्हणजे हे सप्तक आपल्या कोणत्याच चौकटीत बसत नाही. बुवांचा सा हरवला तो इथे.

आता हेच सूर काळी एक, म्हणजे डी फ्लॅट, सा धरून म्हणा. सरळ बिलावल. सगळे शुद्ध.

नवा नट येतो

दशावतारात प्रत्येक नटाची पट्टी वेगळी असते. राजपार्टी एका पट्टीत गातो, स्त्रीपार्टी दुसऱ्या, आणि दोघांची पदं लागोपाठ आली तर पेटीवाल्याला क्षणात घर बदलावं लागतं. म्हणूनच अशा कामाला टेम्पर्ड, म्हणजे सगळ्या पट्ट्यांत सारखीच चालेल अशी जुळवलेली, पेटी लागते. एकाच सा ला जुळवलेली पेटी दुसऱ्या नटाच्या पट्टीत बेसूर बोलेल. बुवा हे काम वर्षानुवर्षं करत आले आहेत. मी त्यांना सांगितलं, नवव्या बारला काळी एकमध्ये गाणारा नट प्रवेश करतो आहे असं धरा. बाराव्या बारला तो आत जातो.

हे त्यांना झटकन पटलं, पण झटकन वाजलं नाही. नट येताना दिसतो, त्याची पहिली ओळ ऐकून पट्टी बदलता येते. इथे बदल कुठून ऐकायचा? त्यासाठी कॉर्डमधले दोन सूर पकडायला शिकावं लागतं: तिसरा आणि सातवा, म्हणजे कॉर्डच्या मूळ सुरापासूनचा गांधार आणि निषाद. मेजर की मायनर हे गांधार सांगतो, आणि कॉर्ड स्थिर आहे की पुढे जायला निघाली आहे हे निषाद सांगतो. मूळ सूर आणि पंचम बेस (सर्वांत खालचा आवाज) सांभाळतो, सोलो वाजवणाऱ्याने त्यांच्यावर फार वेळ घालवू नये.

नवव्या बारकडे या नजरेने बघितलं की गंमत दिसते. सी मायनरचं नेहमीचं सप्तक आणि डी फ्लॅट मेजरचं सप्तक यांत पाच सूर समान आहेत. बदलतात फक्त दोन: शुद्ध रे चा कोमल रे होतो, आणि पंचमाच्या जागी तीव्र मध्यम येतो. आणि ई फ्लॅट मायनरचा गांधार कोणता? तोच तीव्र मध्यम. निषाद कोणता? तोच कोमल रे. सात सुरांचा नवा संच आठवत बसण्याची गरजच नाही. कॉर्डचे दोन कळीचे सूर धरले की बदललेलं सगळं हातात येतं. तक्त्याने शिकणाऱ्याला हे दिसत नाही, कारण तक्ता सातही सुरांना सारखंच महत्त्व देतो.

मग आम्ही पेटी बंद ठेवली. याला थोडं निमित्त पावसाचंही होतं. आषाढात हवा इतकी ओली की पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात, आणि माझ्याकडचा डिजिटल पियानो लाइट गेली की मुका. अंधारात बसून गाण्याशिवाय करण्यासारखं काही नसायचं. पण अंधार नसता तरी मी हेच केलं असतं. न्यूयॉर्कचे पियानोवादक लेनी ट्रिस्टानो आपल्या शिष्यांना लेस्टर यंगचे सोलो वाद्याला हात लावण्याआधी गळ्याने म्हणायला लावत. आपल्याकडे गायकी अंग म्हणतात ते याहून वेगळं काय आहे?

आधी नुसते बेसचे सूर, सरगममध्ये, हाताने ताल धरून: सा सा म म, रे प सा सा, कोमल ग कोमल ध कोमल रे कोमल रे, रे प सा सा. चार बारांची एक ओळ, अशा चार ओळी. हे म्हणतानाच बुवांच्या लक्षात आलं की दुसरी आणि चौथी ओळ एकच आहे, आणि तिसरी ओळ तीच, फक्त अर्ध्या सुराने वर उचललेली. रे-प-सा, आणि काळी एकवरून पुन्हा रे-प-सा. जॅझच्या शेकडो धुनांचा हा कणा आहे. तिकडे त्याला टू-फाइव्ह-वन म्हणतात.

त्यानंतर गांधार-निषादांची ओळ. नियम एकच: पुढच्या कॉर्डचा जो गांधार किंवा निषाद सर्वांत जवळ असेल त्यावर जायचं, उडी मारायची नाही. निघालेली ओळ अशी: सी मायनरवर कोमल ग, एफ मायनरवरही तोच कोमल ग, डी हाफ-डिमिनिश्डवर म, जी सेव्हनवर म, सी मायनरवर परत कोमल ग. मग ई फ्लॅट मायनरवर कोमल रे, ए फ्लॅट सेव्हनवर सा, डी फ्लॅट मेजरवर सा, डी हाफ-डिमिनिश्डवरही सा, जी सेव्हनवर मंद्रातला शुद्ध नि आणि शेवटी सी मायनरवर कोमल नि.

ही ओळ गाऊन बघा. सोळा बारांत कुठेही एका पायरीपेक्षा जास्त चढउतार नाही, आणि तरी खाली सगळी हार्मनी हलत असते. मधला सा विशेष. दहाव्यापासून तेराव्या बारपर्यंत तो जागचा हलत नाही. ए फ्लॅट सेव्हनवर तो त्या कॉर्डचा गांधार असतो, डी फ्लॅट मेजरवर शुद्ध निषाद, हाफ-डिमिनिश्डवर कोमल निषाद. मी पियानोवर कॉर्ड बदलत राहिले आणि बुवा डोळे मिटून एकच सा धरून बसले. दुसऱ्या फेरीला ते मधेच हसले आणि म्हणाले, "गावलो."

हरवलेला सा हरवलेला नव्हताच, तो तिथेच होता. त्याच्या खालची जमीन बदलत होती, आणि ती बदलताना कशी ऐकू येते हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. शिकवण्याच्या इतक्या वर्षांत असे क्षण मोजकेच आले आहेत.

सम कुठे, घर कुठे

इथे प्रकरण संपायला हवं होतं, पण संपलं नाही. सूर आता बरोबर लागत होते, तरीही सोलो पटत नव्हता. वाक्यं बरोबर असूनही विराम भलत्याच ठिकाणी पडावेत तसं वाटायचं. ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकल्यावर मी हाताने त्रिताल धरला आणि उत्तर समोर आलं.

सोळा बार गुणिले चार म्हणजे चौसष्ट मात्रा, त्रितालाची चार आवर्तनं. एक बार म्हणजे एक विभाग: पहिल्यावर सम, दुसऱ्यावर टाळी, तिसऱ्यावर, म्हणजे नवव्या मात्रेवर, खाली, चौथ्यावर टाळी. आता कॉर्ड ठेवून बघा. दुसऱ्या आवर्तनात समेवर डी हाफ-डिमिनिश्ड, दुसऱ्या विभागाला जी सेव्हन, आणि घर, म्हणजे सी मायनर, येतं खालीवर. तिसऱ्या आवर्तनात समेवर ई फ्लॅट मायनर, मग ए फ्लॅट सेव्हन, आणि डी फ्लॅट मेजर पुन्हा खालीवर. चौथ्यात पुन्हा तेच. पहिल्या आवर्तनात घर सोडून एफ मायनरला जायचं तेही खालीवरच.

म्हणजे या धुनेत तिन्ही मुक्काम नवव्या मात्रेवर आहेत. त्या तिन्ही आवर्तनांत समेवर असतो तो प्रवासाचा आरंभ, घराबाहेरची कॉर्ड.

बुवांचं आयुष्य समेवर येण्यात गेलेलं. भजनात, पदात, पखवाजाच्या संगतीत ताण वाढत जातो तो समेकडे, तिहाई (तीनदा घेतलेला तुकडा) सुटते ती समेवर. त्यामुळे त्यांची प्रत्येक तान सातव्या बारचं घर ओलांडून पुढे धावायची आणि नवव्या बारच्या सुरुवातीला जोरात उतरायची, नेमकी जिथे कॉर्ड म्हणत असते की आता कुठे निघालो आहोत. सूर अचूक आणि तरीही सगळं उलटं. हे त्यांना तोंडी सांगायच्या ऐवजी मी फक्त त्रिताल धरायला सांगून त्यांचंच ध्वनिमुद्रण ऐकवलं. ते स्वतःच थांबले.

उपायही आपल्या परंपरेतच होता. मध्यलयीच्या कितीतरी बंदिशी खालीपासून उठतात, नवव्या मात्रेशी बुवांची ओळख जुनी. पण ती उठण्याची जागा म्हणून. आता तिथे बसायला शिकायचं होतं. आम्ही सुरुवात अशी केली की खालीपर्यंत काहीच वाजवायचं नाही, खालीवर त्या कॉर्डचा गांधार ठेवायचा आणि हात उचलायचा. मग त्याच्या आधीच्या दोन मात्रा भरायच्या. मग चार. असं मागे मागे जात तान समेपर्यंत पोचवायची. तिहाया नवव्या मात्रेवर सुटतील अशा बसवल्या. बुवांनी त्या तोंडाने इतक्या म्हटल्या की माझ्या घरातली मुलंही म्हणू लागली.

तानेचं मागचं टोक भरायला मुरकी कामी आली. जॅझमध्ये ठरवलेल्या सुराला वरून आणि खालून स्पर्श करून मग त्यावर उतरण्याची एक लकब आहे. बुवांची बोटं ते मुरकीच्या सवयीने आधीपासून करत होती, फक्त मधला सूर कोणता हे आता कॉर्ड ठरवत होती. सातव्या बारच्या कोमल ग वर उतरायचं तर म आणि शुद्ध रे यांच्यामधून. अकराव्याच्या म वर उतरायचं तर तीव्र म आणि कोमल ग यांच्यामधून. इथे त्यांच्या पेटीला जी चव आली ती माझ्या पियानोला येत नाही, हे मान्य करावंच लागेल.

मधे एक टप्पा असाही येऊन गेला की प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेवर गांधार, असा कवायतीसारखा सोलो होऊ लागला. या पद्धतीचा तो ठरलेला आजार आहे आणि त्याला घाबरू नये. आधी सूर वेळेवर यायला लागतो, मग तो मुद्दाम अर्धी मात्रा आधी किंवा नंतर आणता येतो. बोसाच्या, म्हणजे या धुनेच्या ब्राझिली ढंगाच्या, चालीत अर्धी मात्रा आधी उतरणं फार शोभतं. बुवांना ते गिटारवाल्याच्या हाताकडे बघून आलं.

जोडीने

श्रावणात गिटारवाला कुडाळला येऊ लागला. पेडण्याहून रेल्वेने सावंतवाडी रोड मागे टाकलं की कुडाळ येतंच. दोघांनी चार-चार बार वाटून घेतले. तिकडे याला ट्रेडिंग फोर्स म्हणतात. आपल्या हिशेबात ते एकेक आवर्तन, आणि डबलबारीत (दोन भजनी बुवांच्या सामन्यात) वाढलेल्या माणसाला समोरच्याच्या तोंडावर उत्तर फेकायला कोणी शिकवावं लागत नाही. शिकवावं लागलं ते उत्तर खालीवर संपवायला. तिसऱ्या ओळीची पाळी बुवांवर आली की आधी ते तिथे सावध व्हायचे. हळूहळू ती त्यांची आवडती जागा झाली. काळी एकवरच्या बिलावलात ते मोकळेपणाने फिरू लागले, आणि तेराव्या बारला त्याच सा वरून घरी यायला लागले.

डाव्या हाताला मी पूर्ण कॉर्ड दिल्या नाहीत, फक्त गांधार आणि निषाद, मधल्या सप्तकात. पेटीवर खालच्या सुरांची गर्दी केली की नुसता गोंगाट होतो, आणि गिटार सोबत असताना त्याची गरजही नसते.

पेटीची एक अडचण मात्र खरी आहे. पियानोचा सूर दाबल्यापासून विरत जातो, पेटीचा सूर भाता चालू आहे तोवर तसाच राहतो. पियानोवाल्याला शांतता फुकट मिळते, पेटीवाल्याला ती बोट उचलून करावी लागते. त्यात नाटकाच्या पेटीवाल्याचं काम पोकळी भरण्याचंच. नट श्वास घेतो तिथे पेटी बोलते. त्यामुळे बुवांच्या सोलोत जागा कमी आहेत, अजूनही. यावर मी त्यांना डॉरम यांचा मूळ सोलो ऐकायला देते, सूर उतरवण्यासाठी नव्हे, ते कुठे कुठे वाजवत नाहीत एवढंच टिपण्यासाठी.

कंपनीत ही हार्मनी वापरायची का, असं बुवांनी मला विचारलं नाही, आणि जत्रेत त्यांना वाजवताना ऐकलं तेव्हा त्यांनी वापरलीही नव्हती. नटाच्या पदाखाली सा तसाच स्थिर होता. मला ते योग्य वाटतं. त्या पदांची ताकद स्थिर सा मध्येच आहे. फरक जाणवला तो दोन पदांच्या मधे, पट्टी बदलताना. पूर्वी ते नव्या पट्टीचा सा सरळ दाबत. आता दोन्ही पट्ट्यांत बसणारा एखादा सूर धरून तिथून वळतात.

सध्या बारा बारांचा ब्लूज (जॅझवाल्यांची एक ठरीव चौकट) चालू आहे, पांढरी चारवर, म्हणजे एफवर. बारा बार म्हणजे तीन आवर्तनं. पहिल्यांदा ऐकतानाच बुवांनी बोटांवर मोजून सांगितलं की दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनात समेवर कॉर्ड घराबाहेर असते आणि सातव्या, अकराव्या बारला, म्हणजे खालीवर, परत येते. ते मला सांगावं लागलं नाही. आठवा बार मात्र हुकतो. जॅझच्या ब्लूजमध्ये तिथे डी सेव्हन येते, नवव्या बारच्या जी मायनरकडे नेणारी. तिचा गांधार काळी तीन, म्हणजे पांढरी चार सा धरला तर कोमल रे. ब्लूजच्या कोमल ग, कोमल नि च्या रंगात तो कोमल रे बुवांना परका वाटतो आणि बोट त्याला टाळून जातं. म्हणून पुन्हा पेटी बंद करून तेवढेच दोन बार गाणं चाललं आहे: आठव्याला कोमल रे, नवव्याला त्यावरून उतरून सा, जो तिथे जी मायनरचा निषाद आहे.